उमेदवारीचा उंबरठा

मतदान केंद्राबाहेरच्या रांगेत भारतीय स्त्री आता पुरुषाच्या बरोबरीने उभी असते. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुष आणि स्त्री मतदारांच्या टक्केवारीत सुमारे १७ अंकांची तफावत होती. २०१९ मध्ये ती मिटली आणि स्त्रियांचे मतदान किंचित पुढेच गेले. याच काळात लोकसभेच्या बाकांवर काय बदलले, हे पाहिले की मन खिन्न होते. पहिल्या लोकसभेत स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. २०१९ मध्ये ७८ स्त्रिया निवडून आल्या, तो तोवरचा उच्चांक ठरला, आणि २०२४ मध्ये संख्या पुन्हा ७४ वर आली. ५४३ जणांच्या सभागृहात हे प्रमाण शेकडा चौदाही भरत नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४८ खासदार दिल्लीला पाठवले, त्यांत स्त्रिया सात. स्त्री शिक्षणाचा आणि समाजसुधारणेचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या या राज्याच्या २८८ जणांच्या विधानसभेत २०१९ मध्ये २४ स्त्रिया होत्या. २०२४ मध्ये तेवढ्याही आल्या नाहीत. मतदार म्हणून बरोबरीला आलेली स्त्री प्रतिनिधी म्हणून इतकी मागे का, आणि राखीव जागांनी हे अंतर कसे कापता येईल, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढच्या लेखांतून त्याची कायदेशीर, ऐतिहासिक आणि सामाजिक अंगे येतीलच. प्रस्तावनेत मी एकच मुद्दा मांडतो: स्त्रीची वाट मतदार अडवत नाही, ती पक्षाच्या उमेदवारीच्या उंबरठ्यावर अडते, म्हणून उपायही त्याच उंबरठ्यावर करावा लागतो, आणि आपल्या निवडणूक पद्धतीत राखीव मतदारसंघाइतका नेमका उपाय दुसरा नाही.

या म्हणण्याला आधार काय? २०२४ मध्ये लोकसभेच्या रिंगणात आठ हजार तीनशेहून अधिक उमेदवार होते आणि त्यांत स्त्रिया सुमारे आठशे, म्हणजे दहात एकही पुरती नव्हती. निवडून आलेल्यांत मात्र साधारण सातात एक स्त्री होती. हा आकडा जपून वाचायला हवा, कारण अनामत रक्कम गमावणाऱ्या अपक्षांची मोठी फौज पुरुषांची असते आणि तिच्यामुळे पुरुषांच्या यशाची सरासरी खाली येते. म्हणून एकाच पक्षाच्या उमेदवारांची आपसांत तुलना करणे अधिक न्याय्य ठरेल. २०१९ मध्ये तृणमूल काँग्रेसने पश्चिम बंगालमधल्या ४२ पैकी १७ जागांवर स्त्रिया उभ्या केल्या, नऊ जिंकल्या. उरलेल्या २५ पुरुषांपैकी तेरा जिंकले. यशाचे प्रमाण जवळपास सारखेच. त्याच वर्षी ओडिशात बिजू जनता दलाने २१ पैकी सात उमेदवाऱ्या स्त्रियांना दिल्या आणि त्यांतल्या पाच निवडून आल्या. चौदा पुरुषांपैकी सात आले. बाई उभी आहे म्हणून मतदाराने पाठ फिरवली, असे या आकड्यांत कुठेही दिसत नाही. पाठ फिरते ती त्याआधी, पक्षाच्या बंद दाराआड. तिथे ‘निवडून येण्याची क्षमता’ या एका शब्दप्रयोगात पैसा, मनुष्यबळ, जातीचे गणित आणि रात्री-अपरात्री फिरण्याची मुभा हे सगळे कोंबलेले असते. पंधरा-वीस वर्षे मोर्चे काढलेल्या, घरोघर याद्या घेऊन फिरलेल्या कार्यकर्तीला सांगितले जाते, ‘ताई, या वेळी नको, पुढच्या वेळी नक्की. तोवर महिला आघाडी सांभाळा.’ पुढच्या वेळी तेच उत्तर नव्या तोंडून येते. या नकाराची कुठे नोंद होत नाही, त्यावर अपील करता येत नाही आणि त्याचा जाब कोणी देत नाही.

आरंभी आपल्या नेत्या आरक्षणाच्या विरोधात होत्या, हेही इथे सांगायला हवे. ते लपवून या बाजूचा युक्तिवाद बळकट होणार नाही. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा राखल्या, पण त्या धर्मनिहाय वाटून. प्रमुख महिला संघटनांना ती वाटणी मान्य नव्हती. संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या. त्यांपैकी हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्ये आणि रेणुका राय यांनी १९४७ मध्ये स्पष्ट सांगितले की स्त्रियांना राखीव जागा नकोत, समान हक्क आणि न्याय हवा. त्या पिढीने स्वातंत्र्यलढ्यात पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून तुरुंग भोगला होता. स्वतंत्र भारतातले पक्ष आपल्या कर्तबगारीची कदर करतील, हा विश्वास तिने कमावलेला होता. तो विश्वास फोल ठरला, हे पुढच्या पिढीने पुराव्यानिशी दाखवून दिले. १९७४ मध्ये फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल सादर केला. विधिमंडळांत आरक्षण नको, असाच समितीच्या बहुमताचा कौल होता. पण वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी भिन्नमत नोंदवले. परिस्थिती असमान असताना समतेचे तत्त्व नुसते कागदावर लागू केले तर विषमता वाढतेच, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. या दोघी काही आरक्षणाच्या कट्टर पुरस्कर्त्या म्हणून समितीवर आल्या नव्हत्या. देशभरातून गोळा झालेल्या माहितीने त्यांना या निष्कर्षापर्यंत आणले. आजही या प्रश्नाकडे त्याच वृत्तीने पाहायला हवे. आरक्षण तत्त्वाने गोड वाटते की कडू, हा मुद्दा दुय्यम आहे. त्याच्यावाचून काय घडले, हे आपल्यापुढे आहे.

त्यानंतरच्या संसदीय प्रवासाला तपाने मोजावे लागते. १२ सप्टेंबर १९९६ रोजी देवेगौडा सरकारने लोकसभेत पहिले विधेयक मांडले आणि ते गीता मुखर्जी यांच्या संयुक्त समितीकडे गेले. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बारगळले. १९९८ च्या जुलैमध्ये कायदामंत्री थंबीदुराई नवे विधेयक मांडायला उभे राहिले, तेव्हा विरोधी बाकांवरचा एक खासदार पुढे सरसावला, त्याने विधेयकाच्या प्रती हिसकावल्या आणि सभागृहातच फाडल्या. १९९९ चे विधेयकही असेच विरले. म्हणून २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडले गेले, कारण ते सभागृह कधी विसर्जित होत नाही. ९ मार्च २०१० रोजी निलंबित सदस्यांना मार्शलकरवी बाहेर काढून तिथे मतदान झाले आणि १८६ विरुद्ध १ मताने ते संमत झाले. लोकसभेत मात्र ते चर्चेलाच आले नाही. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि तेही गेले. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये, नव्या संसद भवनात, लोकसभेने ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेने २१४ विरुद्ध ० अशा मतांनी १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. सत्तावीस वर्षे जे विधेयक पुढे सरकत नव्हते ते दोन दिवसांत जवळपास एकमताने पार पडले, याचा अर्थ विचारात घेण्यासारखा आहे. जाहीर विरोध फार थोड्यांचा होता. बाकीच्यांचा पाठिंबा भाषणापुरता आणि टाळाटाळ मनापासून होती. ज्यांच्या जागा जाणार होत्या, त्यांच्याच हातांनी हा कायदा व्हायचा होता. उमेदवारी देणाऱ्यांच्या सदिच्छेवर हा प्रश्न सोपवता येत नाही, याचा याहून सबळ दाखला शोधायची गरज नाही.

राखीव जागाच कशाला, पक्षांनी एक तृतीयांश उमेदवाऱ्या स्त्रियांना द्याव्यात असा कायदा पुरे नाही का? हा पर्याय सभ्य आणि सौम्य वाटतो, म्हणून तो वारंवार पुढे येतो. फ्रान्सने २००० मध्ये नेमका तसा कायदा करून पाहिला. निम्म्या उमेदवाऱ्या स्त्रियांना न देणाऱ्या पक्षांचे सरकारी अनुदान कापण्याची त्यात तरतूद होती. २००१ मध्ये मोठ्या गावांच्या आणि शहरांच्या नगरपालिकांत, जिथे मतदान पक्षाच्या यादीला होते, स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ पोचले. पण २००२ च्या राष्ट्रीय निवडणुकीत, जिथे एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो, ते सुमारे ११ टक्क्यांवरून जेमतेम १२ वर गेले. मोठ्या पक्षांनी दंड भरणे पसंत केले, आणि स्त्रियांना उभे केले तेही बहुधा हरण्याच्या जागांवर. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये केलेला कायदा यशस्वी झाला, कारण तिथे याद्यांची पद्धत आहे आणि स्त्रियांची नावे यादीत निवडून येण्याजोग्या क्रमांकावर हवीत, असे बंधन घातले गेले. रवांडाच्या २००३ च्या संविधानाने कनिष्ठ सभागृहातल्या ८० पैकी २४ जागा स्त्रियांसाठी राखल्या. २०१३ मध्ये तिथे ५१ स्त्रिया निवडून आल्या. तो आकडा जगभर गाजला, पण त्या देशात विरोधी राजकारणाला वाव किती तोकडा आहे हे विसरून तो आदर्श म्हणून मिरवू नये. पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेतल्या ६० राखीव जागा पक्षांच्या बळानुसार वाटल्या जातात. तिथल्या सदस्येला स्वतःचा मतदारसंघ नसतो. तिचे भवितव्य पक्षनेतृत्वाच्या मर्जीवर राहते. उंबरठ्यावरचा पहारेकरी तिथे होता तसाच आहे. भारतात मतदारसंघ आहेत आणि एका मतदारसंघाला एकच प्रतिनिधी आहे. इथे हरण्याच्या जागा स्त्रियांच्या गळ्यात मारण्याची पळवाट बंद करायची, तर मतदारसंघच राखून ठेवावा लागतो. राखीव मतदारसंघात प्रत्येक पक्षाला स्त्रीच उभी करावी लागते आणि जिंकणारी स्त्री थेट मतदारांनी निवडलेली असते.

असे केल्याने काय साधते, याचा पुरावा आपल्याकडे तीन दशकांचा आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायती आणि नगरपालिकांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर द्युफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले की प्रमुखपद राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक काम झाले. पाणी हीच त्या गावांतल्या स्त्रियांची मुख्य तक्रार होती. रस्त्यांबाबत दोन्ही जिल्ह्यांचे चित्र वेगळे होते, कारण स्त्रियांची निकड वेगळी होती. त्यामुळे स्त्री जात्याच प्रेमळ किंवा स्वच्छ कारभाराची असते, असल्या गोड समजुतींची इथे गरज पडत नाही. ज्यांना हंडा वाहावा लागतो त्यांची अडचण निर्णयाच्या टेबलावर पोचली, एवढेच पुरे झाले. आपल्याला अधिक जवळचा पुरावा मुंबईचा आहे. प्रभागांचे आरक्षण सोडतीने ठरते. सभागृहात मातब्बर नगरसेवक श्वास रोखून बसलेले असतात, शाळकरी मुले चिठ्ठी काढतात, आणि एका चिठ्ठीने दहा-दहा वर्षांचे बालेकिल्ले ‘महिला’ होतात. ही सोडत संशोधकाच्या दृष्टीने पर्वणीच, कारण कोणता प्रभाग राखीव होणार हे कोणाच्या हातात नसते. रिखिल भावनानी यांनी १९९७ मध्ये राखीव असलेले पण २००२ मध्ये खुले झालेले मुंबईचे प्रभाग तपासले. १९९७ मध्ये राखीव नसलेल्या खुल्या प्रभागांच्या तुलनेत तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. निवडून आलेल्या स्त्रियांना राजकारणाचा सराव झाला आणि बाई जिंकू शकते हे पक्षांना कळले, ही त्याची कारणे. उंबरठा एकदा बळेच ओलांडायला लावला की पुढच्या वेळी तो कमी उंच भासतो, आणि तेही आरक्षण उठल्यानंतर.

इथे सर्वांत जुना आक्षेप येतो: निवडून येते बाई, कारभार करतो नवरा. तो खोटा नाही. फलकावर साहेबांचा फोटो मोठा आणि उमेदवार बाईंचा कोपऱ्यात, हे दृश्य कोणत्याही शहराच्या निवडणुकीत दिसते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सरपंचाच्या खुर्चीत पती बसलेला आणि ग्रामसेवक सहीसाठी रजिस्टर घेऊन घरी गेलेला, हेही अनेक गावांनी पाहिले आहे. मात्र या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढायचा? सत्ता बळकावणारा पुरुष दोषी असताना शिक्षा म्हणून तिचेच पद काढून घ्यायचे, हे न्यायाला धरून नाही. शिवाय हे चित्र स्थिर राहत नाही. लोरी बीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की पहिल्यांदा स्त्री प्रमुख झाली तेव्हा गावकऱ्यांनी तिच्या कामाला पुरुषांपेक्षा कमी लेखले. दुसऱ्यांदा आरक्षण आले तोवर हा पूर्वग्रह ओसरला होता आणि स्त्रिया खुल्या जागांवरही अधिक संख्येने लढत आणि जिंकत होत्या. महाराष्ट्रात तर आरक्षणाच्या आधीपासून याची बीजे आहेत. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लोटलेला स्त्रियांचा जनसागर आणि त्यानंतर स्त्रियांच्या नावावर जमीन करून देणारी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम यांनी एक गोष्ट शिकवली: पद, मालमत्ता आणि संघटना या तिन्हींचा एकमेकींना आधार लागतो. ग्रामसभेआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरवण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती जिथे खरोखर पाळली जाते तिथे सरपंचबाईच्या मागे बोलणाऱ्या बायांचे बळ उभे राहते. प्रतिनिधित्व नाममात्र असेल, तर उपाय ते बळ वाढवण्यात आहे.

दुसरा आक्षेप घराणेशाहीचा: राखीव जागांवर पुढाऱ्यांच्या लेकी, सुना आणि बायकाच येतील. आज विधिमंडळात पोचणाऱ्या अनेक स्त्रियांमागे राजकीय घर असते, हे खरेच. मात्र पुरुषांतही वारसदारांची वाण नाही, आणि त्यांच्यामुळे पुरुषांच्या उमेदवाऱ्या कोणी गोठवत नाही. उलट, दार अगदी अरुंद असते तेव्हा ओळखीच्यांनाच आत घेतले जाते. लोकसभेच्या एक तृतीयांश म्हणजे १८१ जागा, महाराष्ट्र विधानसभेच्या ९६. आणि प्रत्येक जागेवर चार-पाच पक्षांना उमेदवार हवा. एवढ्या उमेदवार एकट्या घराण्यांतून पुरवणे पक्षांना जमणारे नाही. त्यांना जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत, नगरपालिकेत घडलेल्या कार्यकर्त्यांकडे वळावेच लागेल, आणि अशा स्त्रिया आता हजारोंनी तयार आहेत. गुणवत्तेचा आक्षेपही इथेच निकाली निघतो. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा नेत्या आरक्षणाविना पुढे आल्या, म्हणून आरक्षण नको असे म्हणणे म्हणजे प्रत्येक स्त्रीकडून असामान्य कर्तृत्वाची अपेक्षा धरणे आहे. पुरुषांना मात्र सामान्य कर्तृत्वावर आमदारकी मिळते. मतदाराच्या निवडीवर मर्यादा येते, ही तक्रार त्यामानाने दुबळी आहे. लोकसभेच्या १३१ मतदारसंघांत अनुसूचित जाती-जमातींचेच उमेदवार उभे राहतात आणि त्यामुळे आपली लोकशाही अधिक खरी झाली, हे देशाने मान्य केले आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. ‘स्त्रिया’ या एका नावाखाली शिकलेल्या, शहरी, वरच्या जातींतल्या स्त्रियांनाच लाभ होईल, अशी भीती इतर मागासवर्गीयांच्या नेत्यांनी १९९६ पासून बोलून दाखवली. विधेयक रोखण्यासाठी तिचा वापर झाला, तरी भीती निराधार नव्हती. २०२३ च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांपैकी एक तृतीयांश त्या समाजांतल्या स्त्रियांना आहेत. इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी स्वतंत्र तरतूद नाही, कारण लोकसभेत त्या प्रवर्गाला मुळात आरक्षणच नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी मात्र ही वाट १९९४ पासून तुडवलेली आहे. तिथे इतर मागासवर्गाला आरक्षण आहे आणि त्यातही स्त्रियांचा हिस्सा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर त्यासाठी पुराव्याची कसोटी लावावी लागली, निवडणुका रखडल्या, तरी ही रचना अशक्य नाही हे सिद्ध झाले. म्हणून आतल्या आरक्षणाची मागणी करणाऱ्यांना मी या लढ्याचे सोबती मानतो. जो न्याय स्त्री-पुरुषांत हवा तो स्त्रियास्त्रियांतही हवा. फक्त एका अन्यायाचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा अन्याय तसाच ठेवा, हा हट्ट मान्य होण्यासारखा नाही.

आता जो कायदा हाती आला त्याकडे पाहू. लोकसभा, विधानसभा आणि दिल्लीची विधानसभा यांत एक तृतीयांश जागा. मुदत पंधरा वर्षे. राखीव मतदारसंघ बदलतील ते प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. शेवटची तरतूद जुन्या विधेयकांपेक्षा बरी आहे. दर निवडणुकीला जागा फिरली तर प्रतिनिधीला आपल्या कामाचा कौल मागायची संधीच मिळत नाही. राज्यसभा आणि विधान परिषद यांना मात्र हा कायदा लागू नाही. त्याहून मोठी गोम अंमलबजावणीच्या अटीत होती. कायद्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे यावेत, त्यावरून मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी आणि मगच आरक्षण सुरू व्हावे, असे २०२३ च्या दुरुस्तीने ठरवले. २०२१ ची जनगणना तेव्हा रखडलेलीच होती, त्यामुळे २०२४ ची लोकसभा निवडणूक राखीव जागांविनाच झाली. पुनर्रचनेचा प्रश्न उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांच्या लोकसंख्येच्या वादात गुंतलेला आहे. आहे त्या ५४३ जागांपैकी एक तृतीयांश राखायला त्या वादाच्या निकालाची तत्त्वतः गरज नाही, कारण पंचायतीत आणि महापालिकेत आपण सोडतीने हे करत आलो आहोत. जनगणनेशी घातलेली गाठ ही राजकीय निवड होती, आणि तिचे समर्थन करण्याची जबाबदारी ती घालणाऱ्यांवर आहे.

पुढचे लेख वाचताना वाचकाने दोन प्रश्न मनाशी ठेवावेत, असे मला वाटते. पहिला वर्तमानाचा आहे. एक तृतीयांश उमेदवाऱ्या स्त्रियांना देण्यापासून कोणत्याही पक्षाला कोणताही कायदा अडवत नाही. ज्यांनी संसदेत हात वर करून या तत्त्वाला मान्यता दिली, त्यांची उमेदवार यादी दर निवडणुकीत या निकषावर तपासली गेली पाहिजे. आणि नुसती संख्या न पाहता, पक्ष जिंकू शकतो अशा किती जागा त्यात आहेत हे पाहिले पाहिजे. उत्तर प्रदेशात २०२२ मध्ये काँग्रेसने ४० टक्के उमेदवाऱ्या स्त्रियांना दिल्या तेव्हा पक्षाची ताकदच इतकी ओसरली होती की त्यांतली एकच निवडून आली. दुसरा प्रश्न भविष्याचा आहे. पंधरा वर्षांच्या मुदतीत राखीव जागांवर किती स्त्रिया बसल्या, हे यशाचे माप होऊ शकत नाही, कारण ती संख्या कायद्यानेच ठरवली आहे. राखीव नसलेल्या दोन तृतीयांश जागांवर पक्षांनी किती स्त्रिया उभ्या केल्या, आणि एकदा राखीव जागेवरून जिंकलेल्या किती जणी ती जागा खुली झाल्यावर पुन्हा लढल्या, यावरून ते कळेल. मुंबईच्या प्रभागांनी ही दिशा शक्य आहे हे दाखवले आहे. लोकसभेत आणि विधानसभेत ती प्रत्यक्षात आणायची, तर पक्षांकडे हा हिशोब दर निवडणुकीला आणि चिकाटीने मागावा लागेल; आणि तो मागण्याचे काम रांगेत बरोबरीने उभ्या असलेल्या मतदाराचे, स्त्रीचे आणि पुरुषाचेही, आहे.